जर्मनीत पीक-जनुकशास्त्रातला पोस्टडॉक : हो म्हणण्याआधी कोणते कायदे पाहायचे

पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची जागा. प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात पीएचडी संपत आली आहे. विषय रब्बी ज्वारीतला दुष्काळ-प्रतिकार, पद्धत क्रिस्पर, म्हणजे जनुकात नेमक्या जागी बदल करण्याचं तंत्र. जर्मनीतून दोन ठिकाणचे होकार आहेत. एक विद्यापीठातला, दोन वर्षांचा, ज्याला प्राध्यापक ‘स्टायपेंड’ म्हणतात. दुसरा लायब्निझ संस्थेतला (विद्यापीठाबाहेरच्या, सरकारी निधीवरच्या संशोधनसंस्थांपैकी एक), तीन वर्षांच्या प्रकल्पावरची नोकरी. नवरा आणि चार वर्षांची मुलगी सोबत येणार. कोणता घ्यावा, आणि ‘तिथे संशोधनाला स्वातंत्र्य आहे’ हे कितपत खरं?

स्वातंत्र्य खरंच आहे. जर्मन राज्यघटनेच्या पाचव्या कलमात कला, विज्ञान, संशोधन आणि अध्यापन मुक्त असल्याचं स्पष्ट लिहिलंय. पण काय शोधायचं ते तुम्ही ठरवलं, तरी किती वर्षं शोधायचं ते एक कायदा ठरवतो, ते रोप काचघराबाहेर न्यायचं की नाही ते दुसरा आणि बी कुठून आणायचं ते तिसरा. मुलाखतीत या तिन्हींबद्दल सहसा कुणी बोलत नाही. प्राध्यापकही नाही, कारण त्यांना त्यांची सवय झालेली असते.

आधी वर्षांचा हिशेब. संशोधकांच्या मुदतबंद नोकऱ्यांसाठी जर्मनीत २००७ पासून स्वतंत्र कायदा आहे : विसेनशाफ्ट्स-साइट-फेरट्राग्स-गेझेत्स. (हे नाव एका दमात म्हणता आलं की भाषेची पहिली परीक्षा पास समजायला हरकत नाही.) पीएचडीआधी सहा वर्षं आणि पीएचडीनंतर सहा वर्षं, एवढाच काळ विद्यापीठ किंवा संशोधनसंस्था तुम्हाला ‘पात्रता वाढवण्यासाठी’ म्हणून मुदतीच्या करारावर ठेवू शकते. वैद्यकशास्त्रात दुसरा टप्पा नऊ वर्षांचा असतो. आठवड्याच्या पूर्ण कामाच्या पावपटीहून जास्त असलेली प्रत्येक मुदतबंद जर्मन नोकरी यात मोजली जाते. भारतातली नोकरी मोजत नाहीत.

भारतातून येणाऱ्यांना यातली एक तरतूद फायद्याची आहे आणि ती बऱ्याच जणांच्या हातून निसटते. पीएचडी सहा वर्षांच्या आत झाली असेल, तर वाचलेला काळ दुसऱ्या टप्प्यात जमा होतो. फेलोशिपवर केलेली परदेशातली पीएचडीही यात धरतात. समजा नोंदणीपासून पदवीपर्यंत ४ वर्षं ८ महिने लागले, तर १ वर्ष ४ महिने शिल्लक, म्हणजे पुढची मर्यादा ७ वर्षं ४ महिने. पण हे कागदावर सिद्ध करावं लागतं. नोंदणीचं पत्र आणि व्हायवानंतरचं विद्यापीठाचं नोटिफिकेशन, दोन्ही मूळ प्रतीत आणि तारखांसह जवळ ठेवा. आणि व्हायवा लांबला म्हणून ‘आधी रुजू होते, पदवी मागून येईल’ असं करू नका. तो काळ पहिल्या टप्प्यात पडतो आणि वाचलेले महिने तिथेच खर्ची होतात.

अठरा वर्षांखालच्या मुलाचं संगोपन करत असाल तर मुलामागे मर्यादा दोन वर्षांनी वाढते. मात्र ही वाढ म्हणजे हक्क नाही, मालकाला मिळालेली मुभा आहे. पैसे नसतील तर मर्यादा शिल्लक असूनही करार संपतो.

आता तुमच्या लायब्निझच्या होकाराकडे. ‘तीन वर्षांच्या प्रकल्पावर’ याचा अर्थ बहुधा असा की करार याच कायद्याच्या कलम २, उपकलम २ खाली, बाहेरच्या निधीवर आहे. त्याला तिकडे ‘ड्रिटमिटेल’ म्हणतात. उपकलम १ खालच्या करारात बाळंतपण आणि पालकत्वाची रजा घेतली, तर तेवढ्या काळाने करार पुढे सरकतो. उपकलम २ मध्ये सरकत नाही. प्रकल्प संपला की करार संपला, रजेवर असाल तरी. दुसऱ्या अपत्याचा विचार असेल तर हा फरक पगारापेक्षा मोठा आहे. करारात ‘या कायद्यानुसार’ एवढं लिहिणं पुरतं, उपकलम लिहिण्याची सक्ती नाही. म्हणून मनुष्यबळ विभागाला ईमेलने सरळ विचारा : करार उपकलम १ चा की २ चा, आणि निधी कुणाचा, कोणत्या तारखेपर्यंत मंजूर? उत्तर लेखी घ्या.

या कायद्यावर तिथे मोठा असंतोष आहे. संशोधन मंत्रालयाने ‘हाना’ नावाच्या काल्पनिक संशोधिकेचा एक व्हिडिओ केला होता. त्यात मुदतबंद नोकऱ्यांमुळे व्यवस्था ‘तुंबत नाही’ असं समर्थन होतं. जून २०२१ मध्ये हजारो संशोधकांनी ‘मीच हाना’ या हॅशटॅगखाली आपापले करार मोजून दाखवले. दुरुस्तीचा मसुदा मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळात मंजूर झाला. त्यात पीएचडीनंतर चार वर्षं आणि पुढची दोन कायम नोकरीच्या हमीसह, अशी कल्पना होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये आघाडी सरकार कोसळलं आणि मसुदा तिथेच राहिला. त्यामुळे हिशेब जुन्या नियमांनी करा आणि बदलाच्या बातम्यांवर लक्ष ठेवा.

स्टायपेंडचा होकार दिसायला गोड असतो. ती रक्कम सहसा करमुक्त असते आणि वरची मोजपट्टीही तिला लागत नाही. पण स्टायपेंड म्हणजे नोकरी नव्हे. त्यात निवृत्तिवेतनाचा हप्ता जात नाही, बेकारी विमा नसतो आणि सरकारी आरोग्यविम्यात आपोआप प्रवेश मिळत नाही. युरोपबाहेरून थेट आलेल्या स्टायपेंडधारकाला सरकारी विमा बहुधा दारातूनच परत पाठवतो. मग खाजगी विमा, तोही तिघांचा. त्यात स्वस्त प्रवासी विमा घेतला तर वास्तव्य-परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी परदेशी नागरिक कार्यालय तो नाकारू शकतं. कायम वास्तव्यासाठी जे हप्ते मोजतात ते या दोन वर्षांत शून्य राहतात, ही त्याहून मोठी अडचण. प्राध्यापकांना विचारा की त्याच पैशातून करार देता येईल का. नाही म्हणाले तर कारण विचारा. हुम्बोल्टसारख्या नामांकित फेलोशिपची गोष्ट वेगळी, तिचं नाव पुढे कामाला येतं. प्रयोगशाळेच्या गल्ल्यातल्या स्टायपेंडला तसं वजन नाही.

पगाराचे आकडे उघड असतात, घासाघीस वेतनश्रेणीवर नसून तिच्यातल्या, अनुभवानुसार मिळणाऱ्या पायरीवर होते. राज्यांच्या वेतनकराराची श्रेणी ई-१३, पायरी १ : फेब्रुवारी २०२५ च्या तक्त्यानुसार पूर्ण वेळेला दरमहा ४,६२९.७४ युरो ढोबळ, म्हणजे कर-कपातीआधी. एकट्या माणसाच्या करवर्गात हातात सुमारे २,९००. (हेसेन राज्याचा वेतनकरार वेगळा आहे, आणि माक्स प्लांक, फ्राउनहोफर या संशोधनसंस्था केंद्र सरकारच्या वेतनकरारावर चालतात.) पायरी रुजू होतानाच ठरते आणि नंतर मागे जाऊन बदलत नाही. पीएचडीनंतर भारतात रिसर्च असोसिएट म्हणून काम केलं असेल, तर संस्थेच्या लेटरहेडवर कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास आणि तारखा लिहून घ्या आणि करारावर सही करण्याआधी पाठवा. पायरी १ आणि ३ मध्ये दरमहा काही शे युरोंचा फरक असतो. जेआरएफचा (पीएचडीतल्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचा) काळ फेलोशिप म्हणून बहुधा नाकारतात, तरी मागून बघायला काही जात नाही.

व्हिसाच्या दोन वाटा आहेत. पहिली संशोधकाचा परवाना, वास्तव्य कायद्याचं कलम १८-ड : संस्थेसोबतचा ‘आउफनामे-फेराइनबारुंग’ म्हणजे यजमान करार लागतो, पगाराची किमान अट निळ्या कार्डासारखी नाही. दुसरी युरोपीय निळं कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना : २०२६ साठी वार्षिक ढोबळ ५०,७०० युरो, आणि जीवशास्त्रज्ञ धरून टंचाईच्या व्यवसायांना ४५,९३४.२०. वरच्या तक्त्याने ई-१३ ची पूर्ण वेळ नोकरी वर्षाला साधारण ५५,५५० होते, म्हणजे सहज बसते. ८० टक्क्यांची नोकरी ४४,४४५ वर येते आणि दोन्ही रेषांखाली राहते. ९० टक्क्यांची टंचाईच्या रेषेवर निघते. ‘आम्ही ८० टक्के देतो, काम मात्र नेहमीचंच’ असं कुणी म्हणालं, तर या आकड्यांसह उत्तर द्या.

निळ्या कार्डाचा खरा फायदा पुढे आहे. जर्मन भाषेची ए-१ पातळी असेल तर २७ महिन्यांत, बी-१ असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, अर्थात तेवढे निवृत्तिवेतनाचे हप्ते गेलेले असतील तर. तीन वर्षांच्या करारात हे दोन्ही आकडे बसतात. करार संपेल तेव्हा हातात कायम वास्तव्य असेल, तर पुढची नोकरी शोधताना व्हिसाची तारीख डोक्यावर नसते. १८-ड वर तीन वर्षं आणि बी-१ लागतं, म्हणजे करार संपण्याच्या आठवड्यातच धावपळ. जोडीदाराला दोन्ही वाटांवर नोकरीची पूर्ण मुभा आहे आणि येण्याआधी भाषेची परीक्षा लागत नाही.

करार संपण्याच्या किमान तीन महिने आधी रोजगार कार्यालयात ‘काम शोधत आहे’ अशी नोंद करायची. विसरलात तर भत्त्याचा एक आठवडा कापला जातो. २४ महिने विमा भरला असेल तर १२ महिने भत्ता मिळतो, मूल असेल तर निव्वळ पगाराच्या ६७ टक्के. आणखी एक बारीक गोष्ट : सार्वजनिक सेवेच्या पूरक निवृत्तिवेतनासाठी पगारातून कपात होते, पण त्याचा हक्क ६० महिन्यांनंतरच लागतो. करार त्याहून कमी असेल तर संशोधक कर्मचाऱ्याला रुजू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत अर्ज करून, प्रतीक्षाकाळ नसलेली पर्यायी योजना घेता येते. दोन महिने उलटले की ही खिडकी बंद.

आता विज्ञानाकडे, कारण तुमच्या विषयाला कायद्याची झळ इथेच बसते.

२५ जुलै २०१८ रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की क्रिस्परसारख्या नव्या पद्धतींनी बदललेली रोपं जीएमओच्याच, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या सजीवांच्याच कायद्यात येतात. गामा किरणांनी उत्परिवर्तन घडवलेली रोपं जुनी आणि सुरक्षित वापराची म्हणून वगळलेली आहेत. म्हणजे ट्रॉम्बेच्या भाभा केंद्रात किरणोत्साराने घडवलेल्या ‘टॅग-२४’ भुईमुगासारख्या वाणाला तिथे जीएमओचा अडसर नाही, आणि तुमच्या ज्वारीत डीएनएचं एकच अक्षर बदललेलं असलं, बाहेरचं डीएनए औषधालाही उरलेलं नसलं, तरी ती जीएमओ. भारतात उलट आहे. ३० मार्च २०२२ च्या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या आदेशाने, परकी डीएनए नसलेली एसडीएन-१ आणि एसडीएन-२ प्रकारची (स्वतःच्याच जनुकात छोटा बदल केलेली) रोपं १९८९ च्या नियमांतील ७ ते ११ या कलमांतून मुक्त झाली. मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताचे दोन वाणही जाहीर झाले. पुण्यात ज्या रोपाला शेत दिसू शकतं, तेच जर्मनीत एस-१ दर्जाच्या (सर्वांत खालच्या सुरक्षा-पातळीच्या) काचघरात राहणार.

रोजच्या कामात याचा अर्थ असा. तुमची प्रयोगशाळा आणि काचघर नोंदणीकृत एस-१ सुविधा असायला हवी, प्रकल्पप्रमुख पात्रताधारक हवा, जैवसुरक्षा अधिकारी नेमलेला हवा आणि दरवर्षी सूचना-सत्राची सही हवी. प्रत्येक बदललेल्या ओळीची (एका बदलातून आलेल्या रोपांच्या वंशाची) ‘फॉर्मब्लाट झेड’मध्ये नोंद करायची, एस-१ च्या नोंदी दहा वर्षं ठेवायच्या. माती, मुळं आणि बी कचऱ्यात टाकण्याआधी निर्जीव करायची. ज्वारी उंच वाढते, परागही भरपूर सांडते. फुलोऱ्याला पिशव्या बांधायला जागा आहे का आणि काचघराची उंची किती, हे आधी विचारा. गव्हा-जवासाठी बांधलेल्या काचघरात ज्वारी छताला टेकलेली बघायला मिळते. दिवसाची लांबी हाही मुद्दा आहे. रब्बीचे वाण लहान दिवसांत फुलतात आणि जर्मन उन्हाळ्यात सोळा तास उजेड असतो. काळोख करण्याचे पडदे नसतील तर मे ते ऑगस्ट नुसती पानंच वाढत राहतील.

शेतातली चाचणी करायची तर पूर्ण परवाना लागतो. अर्जाची कागदपत्रं लोकांसाठी उघडी ठेवतात, आक्षेप मागवतात, आणि पेरणीच्या किमान तीन कामाच्या दिवसांआधी तुमचं शेत सार्वजनिक नोंदवहीत जातं. लोकसहभागाची ही तरतूद पारदर्शक आहे, पण ती दुधारी ठरली. एप्रिल २००८ मध्ये गाटर्सलेबनच्या संस्थेतला जनुकीय गव्हाचा प्रयोग कार्यकर्त्यांनी उखडून टाकला. जुलै २०११ मध्ये रोस्टॉकजवळच्या ग्रोस ल्यूसेवित्झला आणि झाक्सेन-आन्हाल्टमधल्या उप्लिंगेनला तेच झालं. शेजाऱ्याच्या पिकात पराग गेला तर दोष नसतानाही भरपाईची जबाबदारी पेरणाऱ्यावर येते. झाक्सेन-आन्हाल्ट राज्याने हे नियम घटनाबाह्य ठरवावेत म्हणून दावा लावला, पण २४ नोव्हेंबर २०१० रोजी घटना न्यायालयाने ते कायम ठेवले. बासफ कंपनीने २०१२ मध्ये वनस्पती-जैवतंत्रज्ञानाचं मुख्यालय अमेरिकेतल्या रॅली शहरात हलवलं. स्वित्झर्लंडने वेगळी तोड काढली. २००५ च्या सार्वमतात व्यापारी लागवडीवर स्थगिती आली, पण संशोधन खुलं राहिलं, आणि २०१४ पासून झुरिकजवळ रेकनहोल्त्झला तीन हेक्टरचं कुंपणबंद, राखणीतलं शेत सरकारने संशोधकांना दिलं.

आपल्याकडेही लोकांना विचारून धोरण थांबल्याचं उदाहरण आहेच. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्यावर २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या. त्यांपैकी एक नागपूरला होती. ९ फेब्रुवारीला तत्कालीन मंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. फरक असा की इथे आरडाओरड्याची सभा झाली आणि जर्मनीत कागदावरचा लांबलचक आक्षेप. बियाणं दोन्हीकडे शेताबाहेरच.

चित्र बदलतं आहे. युरोपीय आयोगाने ५ जुलै २०२३ ला नव्या जनुकतंत्रांचा मसुदा मांडला आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसद आणि सदस्यदेश यांच्यात समझोता झाला. थोड्या आणि निसर्गातही होऊ शकतील अशा बदलांची रोपं नेहमीच्या वाणांसारखी मानायची, असा त्याचा गाभा. पण कायदा झाला तरी लागू होण्याआधी संक्रमणकाळ असतो. तुमच्या तीन वर्षांत जर्मन मातीत ज्वारी लावण्याचा बेत प्रकल्पात लिहू नका. कोणत्या जनुकाने मुळांची रचना बदलते हे काचघरात आणि प्रतिमायंत्रांवर उत्तम जमेल, त्यात तिथल्या सोयी खरोखर अव्वल आहेत. उत्पन्नाचा दावा करायला शेत लागतं, आणि त्या भागासाठी भारतातला सहकारी आधीच ठरवा. तिथे घडवलेली ओळ भारतात आणताना ती आयात म्हणूनच येते, दिल्लीच्या एनबीपीजीआर या राष्ट्रीय वनस्पती-जनुकसंपदा संस्थेच्या परवान्याने. पूर्ण ओळ आणण्यापेक्षा गाइड-आरएनएचा (क्रिस्परला नेमकी जागा दाखवणाऱ्या रेणूचा) आराखडा आणून इथेच नव्याने संपादन करणं पुष्कळदा लवकर होतं.

बियाण्याबद्दल आता कडक शब्दांत. मंगळवेढ्याहून आणलेल्या मालदांडी ज्वारीची पुडी बॅगेत टाकू नका. डिसेंबर २०१९ पासून युरोपात लागवडीच्या कोणत्याही बियाला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे २००२ चा जैवविविधता कायदा. त्यात परदेशी माणसासोबतच, आयकर कायद्यानुसार अनिवासी ठरलेल्या भारतीय नागरिकालाही संशोधनासाठी जैविक सामग्री घ्यायला चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणजे जर्मनीत गेल्यावर तुम्हीही त्यात येता. भावाने कुरिअर केलं तरी नियम तोच. तिकडच्या बाजूला नागोया कराराचा (जैविक सामग्रीचा लाभ मूळ देशाशी वाटून घेण्याच्या कराराचा) युरोपीय नियम ५११/२०१४ आहे. संशोधन-निधी घेणाऱ्या प्रयोगशाळेला सामग्री कायदेशीर मिळाल्याची घोषणा करावी लागते, आणि कागद नसतील तर शोधनिबंधाच्या वेळी सगळं अडतं. सोपी वाट : ज्वारी आंतरराष्ट्रीय बीज कराराच्या यादीत आहे, त्यामुळे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी-संशोधन संस्थेच्या जनुकपेढीतून प्रमाणित हस्तांतरण करारावर नमुने मागवता येतात. हे काम जर्मन संस्थेच्या नावाने, तुम्ही पोहोचण्याच्या किमान सहा महिने आधी सुरू करायला सांगा. पहिलं वर्ष बी येण्याची वाट बघण्यात जाणं ही या विषयातली नेहमीची फजिती आहे.

संस्थेच्या प्रकाराचाही विचार करा. माक्स प्लांकमध्ये विभाग संचालकाभोवती बांधलेला असतो आणि ते निवृत्त झाले की विभागही मिटतो. म्हणून त्यांचं निवृत्तीचं साल विचारणं असभ्य नाही. लायब्निझ संस्थांचं साधारण दर सात वर्षांनी मूल्यमापन होतं. त्या वर्षी सगळे अहवालात बुडालेले असतात आणि नव्या नेमणुका रेंगाळतात. फ्राउनहोफरला मूळ अनुदान कमी, बाकी कंत्राटातून मिळवायचं, म्हणजे निबंधांपेक्षा ग्राहक आधी. या मोठ्या संस्थांना केंद्र आणि राज्यं मिळून २०३० पर्यंत दरवर्षी ३ टक्के वाढ देण्याचा करार आहे, त्यामुळे पाया डळमळीत नाही. विद्यापीठांचं तसं नाही, तिथे राज्याच्या अंदाजपत्रकाला कात्री लागली की आधी मुदतीच्या जागा जातात.

तर निवड. दिलेल्या माहितीवर लायब्निझचा करार घ्या, पण तीन अटींवर : काम १०० टक्के, उपकलम आणि निधीची मुदत लेखी, ज्वारीच्या काचघराची उंची आणि काळोखाचे पडदे पक्के. विद्यापीठ स्टायपेंडऐवजी उपकलम १ खालचा करार द्यायला तयार झालं, तर मात्र पुन्हा तोलून पाहा. दुसऱ्या अपत्याचा विचार असेल तर तोच होकार वरचढ ठरेल. व्हिसाचा अर्ज आता जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर सुरू होतो, महाराष्ट्रातल्यांसाठी वाणिज्य दूतावास मुंबईचा. करारावर दोघांच्या मूळ सह्या होण्याआधी कामाला हात लावू देणार नाहीत, कारण सहीआधी काम सुरू झालं तर मुदतीची अटच रद्द ठरू शकते. म्हणून रुजू होण्याची तारीख विमानाच्या तारखेनंतर किमान दोन आठवडे ठेवा. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि तिला घरमालकाचं पत्र लागतं. बँक, करक्रमांक, मुलीची बालवाडी, सगळं त्या एका कागदावर अडलेलं असतं. बालवाडीच्या प्रतीक्षायादीत नाव मात्र आजच घाला, पत्ता नसला तरी संस्थेच्या कुटुंब-सेवा कक्षातून बहुतेक ठिकाणी घालता येतं.